फलक किती दूर, केवढा मोठा?

मनुष्य लिहावयास शिकला तेव्हापासूनच एक धाकटा प्रश्न त्याच्या पाठीस लागला असला पाहिजे. लिहिलेले वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे किती अंतरावर, किती उंचीवर आणि केवढ्या आकाराचे धरावे, हा तो प्रश्न. चौरंगावर पोथी मांडणाऱ्या पुराणिकाने तो आपल्यापुरता सोडविला, फळ्यावर अक्षर काढणाऱ्या गुरुजींनी सोडविला आणि स्थानकाच्या नावाची पाटी रंगविणाऱ्यानेही सोडविला. हे सर्व लोक कागद, लाकूड आणि भिंत ह्यांच्याशी बांधलेले होते. वस्तू जेथे असेल तेथे अक्षर असावयाचे, हे त्यांनी न सांगता गृहीत धरले होते.

अलीकडे ही बांधीलकी सुटली आहे. आभासी वास्तव, म्हणजेच व्हर्च्युअल रिॲलिटी, ह्या नावाने ओळखले जाणारे यंत्र डोळ्यांवर चढविले की बाहेरचे जग नाहीसे होते आणि यंत्राने रंगविलेले दुसरे जग चोहोंकडे उभे राहते. त्या जगात सूचना वाचावयाच्या, पर्याय निवडावयाचे, कळ दाबावयाची, तर त्यासाठी अधांतरी तरंगणारे फलक लागतात. ह्या फलकांना खिळा लागत नाही की भिंत लागत नाही. ते नाकासमोर वीतभर अंतरावर मांडता येतात, डोंगराएवढे करून क्षितिजावर उभे करता येतात किंवा पाठीमागेही ठेवता येतात. एवढे स्वातंत्र्य हाती आल्यावर ध्यानात आले ते असे की, फलक कोठेही ठेवता आला तरी तो पाहणारा डोळा आणि त्याकडे वळणारी मान ही जुनीच आहेत. त्यांना सोसेल ते अंतर कोणते आणि आकार कोणता, ह्याचा शोध घेता घेता आजचे तंत्रज्ञ ज्या उत्तरांपाशी येऊन पोहोचले, त्यांतील बहुतेकांचा इतिहास पुष्कळ जुना आहे. तो इतिहास आज थोडक्यात पाहावयाचा आहे.

आरंभ करावा लागतो तो ग्रीक गणिती युक्लिडपासून. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास झालेल्या ह्या पंडिताने भूमितीप्रमाणेच दृष्टिशास्त्रावरही ग्रंथ रचला. त्यातील मूळ सिद्धान्त असा की, वस्तू केवढी दिसते हे ती डोळ्यापाशी किती मोठा कोन करते ह्यावर ठरते. एक मीटरवर ठेवलेली २० सेंटिमीटर रुंदीची पाटी आणि दोन मीटरवर ठेवलेली ४० सेंटिमीटरची पाटी डोळ्यापाशी सारखाच कोन करतात. वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्यांतील अक्षरे सारखीच सुवाच्य असतात. म्हणून ‘फलक केवढा असावा?’ हा प्रश्न अंतर सांगितल्यावाचून विचारताच येत नाही.

युक्लिडच्या कोनाला वैद्यकात स्थान दिले ते नेदरलँड्समधील उत्रेख्त येथील नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन ह्यांनी. डोळे तपासावयास गेल्यावर जो लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता आपल्यापुढे टांगलेला असतो, त्याचे जनक हेच. १८६२ साली त्यांनी असे प्रमाण ठरविले की, निकोप दृष्टीच्या माणसाला अंशाच्या बाराव्या भागाएवढा, म्हणजे पाच कलांचा कोन करणारे अक्षर ओळखता यावे. सहा मीटर अंतरावर असे अक्षर पावणेनऊ मिलिमीटर उंचीचे भरते आणि दोन मीटरवर तीन मिलिमीटरांचेही भरत नाही. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

कोनाच्या ह्या शास्त्राला जोड मिळाली ती करमणुकीच्या धंद्याची. रॉबर्ट बार्कर हा मूळचा आयर्लंडमधील चित्रकार एडिंबरो शहरी राहत असे. पाहणाऱ्याला चोहोंबाजूंनी वेढणाऱ्या वर्तुळाकार चित्राचे एकस्व त्याने १७८७ साली मिळविले आणि १७९३ साली लंडनच्या लेस्टर चौकात त्यासाठी खास गोल इमारत उभारली. ‘पॅनोरमा’ हा शब्द ह्याच खेळाने जगाला दिला. ह्या इमारतीची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. प्रेक्षक अंधाऱ्या वाटेने येऊन मधल्या चौथऱ्यावर उभा राही. चित्राच्या फार जवळ त्याला जाता येऊ नये म्हणून तो चौथरा कठड्याने बंदिस्त असे, आणि चित्राची वरची व खालची कड दिसू नये अशी आडोशाची योजना असे. चित्र गोल असल्यामुळे प्रेक्षक कोणीकडेही वळला तरी अंतर तेवढेच राही. आजच्या आभासी जगात रुंद फलक सपाट न ठेवता पाहणाऱ्याभोवती किंचित वाकवितात, त्यामागील कारण हेच. सपाट फलकाची टोके मध्यापेक्षा दूर पडतात, तेथील अक्षरे तिरपी व बारीक दिसतात. वाकविलेल्या फलकावर सर्व अक्षरे समान अंतरावर राहतात.

येथवरचा विचार एका डोळ्याने पाहूनही करता आला असता. पण मनुष्याला डोळे दोन आहेत, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते. चार्ल्स व्हीटस्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. दोन डोळ्यांना किंचित भिन्न चित्रे दिसतात व मेंदू त्या भेदावरून खोली ओळखतो, हे त्याने त्यात दाखवून दिले. आरशांच्या साह्याने दोन सपाट चित्रे दोन डोळ्यांना निरनिराळी दाखवून त्याने घनरूपाचा भास उत्पन्न केला. हेच स्टिरिओस्कोप. १८४९ साली डेव्हिड ब्रूस्टरने आरशांच्या जागी भिंगे घातली, १८५१च्या लंडन येथील जागतिक प्रदर्शनात त्याचा बोलबाला झाला, आणि १८६१ साली अमेरिकेतील वैद्य व लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स ह्यांनी हाती धरावयाचे सुटसुटीत यंत्र तयार केले. होम्सच्या यंत्रात चित्राचा पत्ता दांडीवर मागेपुढे सरकविता येई. ज्याला जेथे स्पष्ट दिसेल तेथे त्याने तो थांबवावा. अंतर ठरविण्याचा अधिकार पाहणाऱ्याच्या हाती ठेवणारी ही साधी सोय होती. दीडशे वर्षांनंतरच्या किती तरी महागड्या यंत्रांत ती आढळत नाही.

व्हीटस्टनच्या प्रयोगांत एक गोम होती. आपण जवळची वस्तू पाहू लागलो की दोन गोष्टी एकदम घडतात. दोन्ही बुबुळे नाकाकडे वळून त्या वस्तूवर एकवटतात आणि डोळ्यातील नैसर्गिक भिंग फुगून त्या अंतराला जुळते. जन्मापासून ही जोडी बरोबर चालत आलेली असते. स्टिरिओस्कोपमध्ये मात्र बुबुळे चित्रातील वस्तूच्या भासमान अंतरानुसार वळतात, आणि भिंगाला जुळावे लागते ते कागदाच्या ठरावीक अंतराशी. बैलगाडीचा एक बैल पुढे ओढीत आहे आणि दुसरा जागीच उभा आहे, तशी ही अवस्था. १८५२ साली व्हीटस्टनने पुढचा निबंध सादर केला. डोळ्यातील प्रतिमेचा आकार तोच राखून बुबुळे अधिक एकवटावयास लावली असता वस्तू लहान भासू लागते, असे त्याने त्यात दाखविले. म्हणजे युक्लिडचा कोन खरा असला तरी पुरेसा नव्हता. ह्या ओढाताणीचा किती अंश डोळे सुखाने सोसतात, ह्याचा विचार झाला तो चष्म्याच्या संदर्भात. आर्चिबाल्ड पर्सिव्हल ह्या इंग्रज नेत्रवैद्याने १८९२ साली त्यासाठी एक सुखमर्यादा सुचविली. अशा दर्शकांच्या संदर्भात तिची मोजदाद व्हावयास मात्र शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

मधल्या काळात ह्या प्रश्नाला निराळेच गांभीर्य आले, आणि ते आले विमानात. दुसऱ्या महायुद्धात उत्तम शिकलेले वैमानिक धडधाकट विमाने जमिनीवर आदळीत होते, आणि चौकशीच्या कागदावर ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा पडत होता. पॉल फिट्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो शेरा मान्य केला नाही. ओहायो राज्यातील राइट फील्ड ह्या हवाई तळावर त्याने रिचर्ड जोन्सच्या साह्याने वैमानिकांचे अनुभव गोळा केले. कळा व दांडे हाताळताना झालेल्या चुकांचे ४६० आणि तबकड्या वाचताना झालेल्या चुकांचे २७० प्रसंग त्यांनी तपासले व १९४७ साली निष्कर्ष मांडले. त्यांत असे आढळले की, निरनिराळी माणसे त्याच त्या चुका करीत होती. तीन काट्यांची उंचीदर्शक तबकडी हजारो फुटांनी चुकीची वाचली जात होती. एकसारख्या दिसणाऱ्या दोन दांड्यांपैकी भलताच ओढला जात होता. दोष माणसाच्या बेसावधपणाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, मांडणीत होता. ह्याचा अर्थ असा की, फलक कोठे व कसा लावावा हा जीवन-मरणाचा प्रश्न होऊ शकतो.

पुढे १९५०च्या सुमारास फिट्स व त्याच्या सहकाऱ्यांनी वैमानिकांच्या डोळ्यांच्या हालचालींचे चित्रण केले. तबकड्यांच्या भरवशावर विमान उतरविताना नजर कोणत्या तबकडीवर किती वेळा जाते आणि तेथून कोठे वळते, हे त्यावरून समजले. जिच्याकडे वारंवार पाहावे लागते ती तबकडी मध्यभागी असावी, आणि ज्या दोहोंमध्ये नजर सारखी फिरते त्या शेजारी असाव्यात, ही तत्त्वे त्यातून दृढ झाली. कृत्रिम क्षितिज मध्ये, डावीकडे वेग, उजवीकडे उंची आणि खाली दिशा, ही पुढे रूढ झालेली टी अक्षराच्या आकाराची मांडणी ह्याच विचारसरणीतली आहे. १९५४ साली फिट्सने आणखी एक नियम मांडला. लक्ष्य जितके दूर व जितके लहान, तितका हात तेथे नेमका पोहोचावयास वेळ अधिक. आणि ही वाढ लघुगणकाच्या प्रमाणात होते. आज अधांतरी फलकावरील कळ केवढी असावी हे ठरविताना ह्याच नियमाचा आधार घेतात.

त्याच तळावर, म्हणजे पुढे राइट-पॅटरसन असे नाव पावलेल्या ठिकाणी, गिल्बर्ट डॅनियल्स ह्या तरुण संशोधकाने एक वेगळीच मोजणी केली. विमानातील बैठक सरासरी वैमानिकाच्या मापाने बांधलेली असे. डॅनियल्सने ४,०६३ वैमानिकांची मापे घेऊन पाहिले की, उंची, छाती, हाताची लांबी इत्यादी दहाही मापांत सरासरीच्या जवळपास बसणारे त्यांत किती आहेत. १९५२ साली प्रसिद्ध झालेले त्याचे उत्तर होते: एकही नाही. जो कोणीच नव्हता त्याच्यासाठी बैठका बांधल्या जात होत्या. मापे जुळवून घेता येतील अशा बैठकांचा आग्रह पुढे धरला गेला, त्यास ह्या संशोधनाचे मोठे पाठबळ मिळाले.

आता आपण प्रत्यक्ष आभासी वास्तवाच्या उंबरठ्यावर येतो. आयव्हन सदरलँड ह्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९६८ साली डोक्यावर धारण करावयाच्या त्रिमितीय दर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन डोळ्यांपुढे दोन लहान चित्रनलिका आणि डोक्याची हालचाल मोजण्यासाठी छतापासून लोंबणारा यांत्रिक दांडा, असे त्याचे स्वरूप होते. सुमारे ४० अंशांच्या दृष्टिक्षेत्रात रेघांची चित्रे दिसत. त्यांत एक खोलीही होती. तिच्या चार भिंतींवर चार दिशांची आद्याक्षरे आणि छत व जमीन ह्यांवर त्यांची अक्षरे लिहिलेली होती. पाहणारा वळला तरी अक्षर आपल्या भिंतीवरच राही. अधांतरी जगातील लिखाणाचा हा अगदी आरंभीचा नमुना म्हणावा लागेल.

ह्या कल्पनेला फलकांचे रूप दिले ते पुन्हा राइट-पॅटरसन तळावरच. टॉमस फर्नेस ह्या अभियंत्याने १९८०नंतरच्या दशकात वैमानिकाच्या शिरस्त्राणातच यंत्राने रंगविलेली तबकड्यांची मांडणी दाखविण्याचे प्रयोग केले. त्याच दशकात कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रात मायकेल मॅकग्रीव्ही, स्कॉट फिशर आदी संशोधक हातमोज्याने हाताळता येणारे आभासी जग उभारीत होते. त्यांच्या यंत्रात एरिक हॉवलेटची रुंद कोनाची भिंगे होती, आणि ती मुळात स्टिरिओस्कोपच्या छायाचित्रांसाठी घडविलेली होती. होम्सचा वारसा असा संगणकाच्या युगात उतरला.

१९९३ साली कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन फायनर व सहकाऱ्यांनी अधांतरी फलकांचे तीन वर्ग पाडले. काही फलक डोक्याशी बांधलेले, काही पाहणाऱ्याच्या भोवतालाशी बांधलेले, आणि काही जगातील विशिष्ट स्थळाशी वा वस्तूशी बांधलेले. हा भेद महत्त्वाचा ठरला. डोक्याशी बांधलेला फलक मान वळविली की तोही तितकाच सरकतो. त्याच्या कोपऱ्यातील अक्षर नीट पाहावे म्हणून आपण मान वळवितो आणि ते तितकेच पुढे पळते. म्हणून वाचावयाचा मजकूर जगात स्थिर असावा, अथवा सावकाश आपल्या मागोमाग यावा, असे आज सांगितले जाते.

त्याच १९९३ साली एडिंबरो येथील मार्क मॉन-विल्यम्स, जॉन वॉन व सायमन रश्टन ह्यांनी तत्कालीन यंत्र अवघी दहा मिनिटे लावलेल्या माणसांचे डोळे तपासले. तेवढ्यानेही दोन डोळ्यांच्या सहकार्यात बिघाड आढळला. २००८ साली बर्कली येथील मार्टिन बँक्स व सहकाऱ्यांनी खास दर्शक बांधून सिद्ध केले की, बुबुळे व भिंग ह्यांची ती जुनी ओढाताण स्वतःच थकवा आणते आणि दृष्टीची कार्यक्षमता कमी करते. तीन वर्षांनी, २०११ साली, ह्याच मंडळींनी सुखमर्यादेची मोजदाद केली आणि पर्सिव्हलचे नाव पुन्हा चर्चेत आले.

ह्या मर्यादेचे गणित समजावयास कठीण नाही. भिंगाचे काम मीटरात न मोजता मीटराच्या व्यस्तात, म्हणजे डायॉप्टरमध्ये, मोजतात. चष्म्याचा नंबर हा त्याच मापाचा. मायक्रोसॉफ्टचे होलोलेन्स हे यंत्र २०१६ साली कार्यक्रमकारांच्या हाती आले. त्यात भिंगाचे अंतर सुमारे दोन मीटरवर स्थिर आहे, आणि मजकूर सव्वा ते पाच मीटरांच्या दरम्यान ठेवावा अशी शिफारस आहे. एका बाजूला पाऊण मीटर आणि दुसऱ्या बाजूला तीन मीटर, ही वाटणी वरवर असमान दिसते. पण व्यस्त काढले की दोन मीटर म्हणजे ०.५, सव्वा मीटर म्हणजे ०.८ आणि पाच मीटर म्हणजे ०.२. दोन्हीकडे अंतर ०.३ चेच! डोळ्याच्या हिशेबाने ही वाटणी अगदी समान आहे. फलक दूर सारला तर डोळ्यावर भार थोडा पडतो. जवळ ओढला तर तो झपाट्याने वाढतो. अर्ध्या मीटरवर आणलेला फलक दीड डायॉप्टरची ओढाताण लावतो.

अंतर ठरले, आता आकार. ऑक्युलस रिफ्ट ह्या यंत्राची पहिली विकसक-आवृत्ती २०१३ साली निघाली. तिच्यात प्रत्येक डोळ्याच्या वाट्यास आडवे ६४० ठिपके येत आणि ते सुमारे ९० अंशांत पसरलेले असत, म्हणजे दर अंशाला सातच. स्नेलेनचे अक्षर अंशाच्या बाराव्या भागाचे. त्याच्या वाट्याला येथे पुरता एक ठिपकाही येत नाही. देवनागरी अक्षराला शिरोरेखा हवी, वर-खाली मात्रा व उकार हवे, जोडाक्षराची गुंतवळ हवी. त्यास उंचीत निदान दहा ठिपके तरी द्यावेत असे मानले, तरी दोन मीटरवरील अक्षर पाच सेंटिमीटर उंच काढावे लागे. २०२३ साली आलेल्या मेटा क्वेस्ट ३ ह्या यंत्रात दर अंशाला सुमारे २५ ठिपके आहेत; तेच अक्षर आता दीड सेंटिमीटरहून कमी उंचीत बसते. त्या प्रमाणात फलकही आटोपशीर झाला.

मापाच्या भाषेचीही सोय करावी लागली. २०१७ साली गुगलच्या रचनाकारांनी आपल्या डेड्रीम ह्या आभासी वास्तवाच्या योजनेसाठी एक एकक मांडले. एक मीटरवर एक मिलिमीटर, दोन मीटरवर दोन, तीन मीटरवर तीन, असे ते वाढत जाते. त्याला त्यांनी अंतर-निरपेक्ष मिलिमीटर म्हटले. अर्थात हा युक्लिडचा कोनच होय, नव्या पोशाखात आलेला. डेड्रीमचे यंत्र विकणे गुगलने २०१९ साली थांबविले. एककामागील विचार मात्र टिकून आहे.

उरला जागेचा प्रश्न. विमानातील धडा येथेही लागू पडतो. नित्याचे फलक समोर, किंचित नजरेखाली. क्षितिजाच्या वर दहा अंशांहून अधिक नजर लावून धरावी लागू नये आणि बाजूला ४५ अंशांहून अधिक मान वळवावी लागू नये, असे होलोलेन्सच्या मार्गदर्शनात म्हटले आहे. हाताने दाबावयाच्या कळा छातीच्या उंचीस व कोपर अंगाशी राहील इतक्या जवळ असाव्यात, कारण उचलून धरलेला हात थोड्याच वेळात भरून येतो. येथे एक विरोध उघड होतो. हाताला फलक जवळ हवा आणि डोळ्याला तो दूर हवा. म्हणून वाचावयाचे दूर आणि दाबावयाचे जवळ पण अल्पकाळ, अशी तडजोड करावी लागते.

हा इतिहास येथे संपला असता तर बरे झाले असते. पण डॅनियल्सचा सरासरी पुरुष अद्याप पुरता गेलेला नाही. दोन बाहुल्यांमधील अंतर सरासरी ६३ मिलिमीटरांच्या जवळपास असते; ते माणसागणिक बदलते आणि स्त्रियांत सरासरीने कमी असते. अनेक यंत्रांतील भिंगे सर्वांच्या डोळ्यांना जुळतील इतकी जवळ आणता येत नाहीत. ती जुळली नाहीत की दोन मीटरवर नेमका मांडलेला फलकही डोळ्यांना भलत्याच ठिकाणी भासतो. आभासी जगात स्त्रियांना मळमळ व घेरी अधिक येते, असे पूर्वीपासून बोलले जाई व त्याचे खापर त्यांच्या प्रकृतीवर फुटे. २०२० साली के स्टॅनी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की, ह्या फरकाचे मुख्य कारण भिंगांचे न जुळणारे अंतर हेच होते. बाहुल्यांचे अंतर यंत्राशी नीट जुळले तेव्हा स्त्रियांना होणारा त्रास पुरुषांइतकाच होता.

‘वैमानिकाची चूक’ आणि ‘स्त्रियांची प्रकृती’ हे दोन शेरे एकाच जातीचे आहेत. मांडणी बिघडली आणि दोष माणसाच्या माथी मारला गेला. फिट्स आणि डॅनियल्स ह्यांनी मोजून दाखविले तेव्हा कोठे पहिला शेरा पुसला गेला. दुसरा पुसावयासही मोजणीच कामास आली. उद्या शाळेत, रुग्णालयात, कारखान्यात अशी यंत्रे मुलांच्या, वृद्धांच्या आणि चष्मा लावणाऱ्यांच्या डोळ्यांवर चढतील. त्यांतील कोणास अक्षर दिसले नाही किंवा डोके दुखू लागले, तर त्याला दोष देण्याआधी फलकाचे अंतर, फलकाचा कोन आणि भिंगांमधील माप तपासून पाहावे. होम्सच्या साध्या लाकडी यंत्रातील ती मागेपुढे सरकणारी दांडी अशा वेळी आठवावी, इतकेच ह्या इतिहासाचे सांगणे आहे.